ब्रॉयलरच्या पोटातली चरबी आणि आंबवलेला चहा: प्रमाण किती?

विटा_शेड
1,000 ब्रॉयलर, करार नाही, खाद्य विकतचं. 42व्या दिवशी 2.3 किलोच्या पक्ष्यात पोटाची चरबी 70 ग्रॅमच्या वर निघते, चिकनवाले कुरकुरतात. कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) पाण्यातून दिला तर चरबी उतरते म्हणे. लिटरला 10 मिली पुरेल का? हॉटेलातला चहाचा चोथा चालेल? फिनिशरच्या (शेवटच्या टप्प्यातल्या खाद्याच्या) 50 किलोच्या पोत्यात 10 किलो मक्याचा भरडा मिसळतो, तेही सांगून ठेवतो.

कराड_पशुखाद्य
मग चहाचं नंतर बघू. फिनिशरमध्ये प्रथिनं 20 टक्के, मक्यात 9 धरा. 50 ला 10 मिसळल्यावर मिश्रण 18.2 वर येतं. ऊर्जा काही घटत नाही. प्रथिनांची गरज भागवायला पक्षी जास्त खातो आणि उरलेली ऊर्जा पोटात साठवतो. भरडा आधी बंद करा, जमलं तर माल चार दिवस अगोदर काढा. मादीला तशीही चरबी जास्त धरते.

मिरज_फीडमिक्स
भरड्याचं बरोबर. आता चहाचा हिशोब बघा. कोंबुचात लिटरला साधारण 6 ग्रॅम चहा असतो. 10 मिली म्हणजे 0.06 ग्रॅम! पक्षी खाद्याच्या दुप्पट पाणी पितो, म्हणजे किलो खाद्यामागे 0.12 ग्रॅम. खाद्यातून अर्धा टक्का पत्ती दिली तर तेच 5 ग्रॅम होतात. पाण्यातून आंबटपणा जाईल, चरबीला काही होणार नाही.

द्यायचाच तर पत्ती आंबवून द्या. ग्रीन टीचा चुरा 1 किलो, पाणी 600 मिली, त्यात गूळ 30 ग्रॅम आणि ताज्या दह्याची निवळ 50 मिली. मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. ड्रममध्ये हवा राहणार नाही असं ठासून 6-7 दिवस बंद ठेवा. वास लोणच्यासारखा आंबट हवा. कुबट आला किंवा बुरशी दिसली तर वरवर काढून वापरू नका, सगळं फेका. सावलीत कडक वाळवून दळा आणि 22व्या दिवसापासून पोत्याला 250 ग्रॅम. पावडर आधी 2 किलो खाद्यात कालवा, मग पोत्यात, नाहीतर गठ्ठे राहतात.

एक टक्क्याच्या वर जाऊ नका. चहातलं टॅनिन (तुरट द्रव्य) प्रथिनांना धरून बसतं, वजन मार खातं. तेव्हा चरबीही कमी दिसते, पण ती उपासमारीची.

चोथा नकोच. त्यातला अर्क कपात गेलेला, वर दूध-साखर. दिवसभरात बुरशी धरते. सीटीसी पावडरमध्येही (रोजचा दाणेदार काळा चहा) कॅटेचिन, म्हणजे चरबीवर काम करणारे चहातले घटक, फार उरत नाहीत. कारखान्यात ज्याला आंबवणं म्हणतात ते मुळात ऑक्सिडेशन.

विटा_शेड
कोंबुचा थोडा तयार आहे. निपल लाइनला (पक्षी चोचीने दाबून पितात ती पाण्याची नळी) सोडू का?

मिरज_फीडमिक्स
नको, आत बुळबुळीत थर धरून निपल चोंदतात. जस्ताच्या पत्र्याच्या भांड्यातही नाही, आम्लाने जस्त सुटतं. प्लॅस्टिकच्या भांड्यात द्या, चार तासांत संपेल एवढाच. पाण्यातून लस असेल तर आधी-नंतर दोन दिवस साधं पाणी.

कराड_पशुखाद्य
आणि सगळ्या शेडला एकदम नको. जाळी लावून 100 पक्षी वेगळे काढा, चहा फक्त त्यांना, दोन्हीकडे भरडा बंद. शेवटी दोन्हीकडचे 5 नर, 5 माद्या कापून चरबी वजन करा, जिवंत वजनाने भागा. सोबत एफसीआर (किलो वजनवाढीला किती किलो खाद्य लागलं) मांडा. तुमचे 70 ग्रॅम म्हणजे 3 टक्के होतात. भरडा थांबवल्यावर चहा न दिलेल्या बाजूचा आकडा किती येतो ते इथे टाका.