वळवाचा ढग आणि आषाढातला ढग कसा ओळखावा?

प्रश्न: मे महिन्यात दुपारनंतर उंच वाढत जाणारा ढग आणि आषाढात आकाश झाकून टाकणारा करडा ढग, हे दोन्ही पाऊसच देतात, मग त्यांची घडण वेगळी कशी असते?

उत्तर १: तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर जाते, दाब घटल्याने प्रसरण पावते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. ठरावीक उंचीवर तिच्यातील बाष्प सूक्ष्म धूलिकणांवर साचून थेंब बनते, म्हणूनच वळवाच्या ढगाचा तळ सपाट दिसतो. त्या वेळी मुक्त होणारी उष्णता हवेला आणखी वर ढकलते, आणि अशा क्युम्युलोनिंबस, म्हणजे विजांच्या गडगडाटी ढगाचा माथा १२ किलोमीटरच्याही वर पोहोचून ऐरणीसारखा पसरू शकतो. तो दिसताच शेतातून पक्क्या घरात जावे. झाडाखाली मुळीच थांबू नये.

उत्तर २: आषाढात अरबी समुद्रावरील दमट वारे सह्याद्रीवर चढतात आणि घाटमाथ्यावर ढगांचे विस्तीर्ण थर तयार होतात. त्यांपैकी निंबोस्ट्रॅटस या करड्या पावसाळी थरात सूर्यबिंब पूर्ण लपते, कडा अस्पष्ट असतात आणि पाऊस संथपणे तासन्‌तास पडतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. उंचावरचे पांढरे तंतू कोणते?

उत्तर २: ते सिरस, हिमकणांचे ढग, त्यांचा पाऊस जमिनीवर पोहोचत नाही.