पगारदार माणसाने आयकर रिटर्न भरायला सॉफ्टवेअरला पैसे का द्यायचे?

सातपूरकर
सातपूरला कंपनीत पगारावर आहे. निफाडला वाटणीची दीड एकर द्राक्षबाग आहे. २०२४ मध्ये ३१ जुलैच्या रात्री, अगदी शेवटच्या दिवशी, एका खासगी साइटवर रिटर्न भरायला बसलो. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात ‘मोफत’. फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला) चढवला, बँकेचं व्याज घातलं, बागेचं उत्पन्न घातलं. तासभर गेला. शेवटचं बटण दाबायला गेलो तर समोर आलं की तुमचा प्लॅन आता वेगळा आहे: १,४९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १,७६९. रात्रीचे साडेदहा वाजलेले, मुदत चुकली तर ५,००० विलंब शुल्क. मुकाट्याने भरले.

२०२५ ला तेच सगळं सरकारी पोर्टलवर स्वतः केलं. दोन संध्याकाळी गेल्या, पैसा गेला नाही. पगार कंपनीने कळवलेला असतो, व्याज बँकेने कळवलेलं असतं, लाभांश आणि फंडांची विक्री एआयएसमध्ये, म्हणजे खात्याने आपल्या नावावर जमवलेल्या वार्षिक माहितीत, दिसते. जी माहिती आयकर खात्याकडे आधीच आहे, ती खात्याला परत द्यायला मधल्याला पैसे का मोजायचे? आणि मोजायचेच असतील तर आकडा आधी सांगा, माझा पॅन घेण्याच्या आधी.

कॉलेजरोडवरून
नाही पटलं. तुमचं एक फॉर्म १६ आणि थोडं व्याज, म्हणून दोन संध्याकाळीत झालं. माझे वर्षभरात शेअरचे शंभरावर व्यवहार असतात. २३ जुलै २०२४ पासून भांडवली नफ्याचे दर बदलले: अल्पकालीन १५ वरून २० टक्के, दीर्घकालीन १० वरून साडेबारा. २०२५ च्या रिटर्नमध्ये त्या तारखेच्या आधीची विक्री वेगळी दाखवायची होती, नंतरची वेगळी. वर ३१ जानेवारी २०१८ च्या आधी घेतलेल्या शेअरचा त्या दिवशीचा भाव शोधायचा. सॉफ्टवेअरने ब्रोकरची फाइल घेतली आणि दहा मिनिटांत तक्ता तयार. त्याचे दीड-दोन हजार मला महाग वाटत नाहीत. घरी लहान मूल आहे, माझ्या संध्याकाळीही फुकट नाहीत.

करसल्लागार, कॅनडा कॉर्नर
सातपूरकर, तुमच्याच बाबतीत बोलते. नाशिक जिल्ह्यातला पगारदार माणूस हमखास चुकतो तो शेतीत. ‘शेती करमुक्त’ एवढंच डोक्यात असतं, म्हणून ती दाखवतच नाहीत. निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की आयटीआर-१ हा साधा रिटर्न फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ लागतो. आणि पगाराचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर शेतीचं उत्पन्न दर ठरवताना मिळवलं जातं.

२०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नचा हिशोब घ्या, नवीन करपद्धतीचा. प्रमाणित वजावट जाऊन पगार ९ लाख, शेती २ लाख. आधी ११ लाखांवर कर काढायचा: ६५,०००. मग मूळ सूट ३ लाख अधिक शेती २ लाख, म्हणजे ५ लाखांवरचा कर: १०,०००. वजा जाता ५५,०००. शेती दाखवलीच नाही तर कर निघतो ४०,०००. सेस धरून १५,६०० चा फरक, आणि पुढे नोटीस आली तर व्याज वेगळं. तुमच्या त्या सॉफ्टवेअरने ‘शेतीचं उत्पन्न आहे का’ हा प्रश्न विचारला ना? १,७६९ त्या प्रश्नाचे होते.

सातपूरकर
मॅडम, हिशोब अगदी बरोबर, आणि इथल्या वाचणाऱ्यांनी तो लिहून ठेवावा. पण तो प्रश्न सरकारी आयटीआर-२ मध्येही आहे. करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात शेतीचा आकडा घातला की ही बेरीज-वजाबाकी पोर्टल स्वतःच करतं. मी केलंय, आकडा पडताळून पाहिलाय. मग १,७६९ कशाचे? फॉर्म बदलला म्हणून माझं ‘मोफत’ गेलं. दीड एकरवाल्याला दंड बसला तो बाग असण्याचा.

कॉलेजरोड, तुमचे व्यवहार शंभर, तुम्ही द्या, त्याला माझी हरकत नाही. पण त्या सॉफ्टवेअरने चूक केली तर खात्याला उत्तर देणारे तुम्हीच. पडताळणी तुमच्या नावाने होते, नोटीस तुम्हाला येते.

नाशिकरोड, निवृत्त
प्रेसमधून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. आमच्या पिढीचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. पोर्टल फुकट असलं तरी मला ते एकट्याने जमत नाही. ओटीपी येतो, चष्मा शोधेपर्यंत जातो. वर्षानुवर्षं ओळखीच्या माणसाकडे ५०० रुपये देत आलो. मागे पोर्टलवर माझ्या नावासमोर मोबाइल आणि ईमेल त्याचाच टाकलेला निघाला. खात्याचं पत्र आलं ते त्याला, मला चार महिन्यांनी कळलं. तेव्हा पाचशे म्हणजे स्वस्त, असं म्हणवत नाही. सॉफ्टवेअर असो की माणूस, मोबाइल आणि ईमेल आपलाच ठेवा. आणि ७५ च्या वरच्यांनी बँकेत जरूर विचारावं: पेन्शन आणि व्याज एकाच ठरावीक बँकेतून येत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल तर बँकच कर कापते, रिटर्न भरावं लागत नाही.

गंगापूररोड
माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिथे लोक वर्षानुवर्षं सॉफ्टवेअरला पैसे देतात, राज्याच्या रिटर्नचे अनेकदा वेगळे. २०२२ मध्ये टर्बोटॅक्स या तिथल्या कर-सॉफ्टवेअरच्या कंपनीने सगळ्या राज्यांशी १४.१ कोटी डॉलरची तडजोड केली, तीही ‘मोफत’च्या जाहिरातींवरून. मग तिथल्या कर खात्याने स्वतःची फुकट सोय आणली: २०२४ ला १२ राज्यांत, २०२५ ला २५ राज्यांत. २०२६ साठी ती बंदही झाली. आपल्याकडे फुकट पोर्टल आहे याची किंमत मला बहिणीचं ऐकून कळली.

कॉलेजरोडवरून
आकडा आधी सांगावा, हे मान्य. त्यावर वाद नाही. पण ‘मधल्याला पैसे का’ हे मान्य नाही. २०२१ च्या जूनमध्ये नवं पोर्टल आलं तेव्हा कित्येक आठवडे लोक लॉगिनलाच अडकले होते, विसरलात? फुकट पोर्टल दरवर्षी मुदतीच्या तोंडावर नीट चालेल याची खात्री मिळाली की माझे पैसे वाचतील. तोवर मी देणार.

सातपूरकर
म्हणून तर शेवटच्या आठवड्यावर टाकायचं नाही. फॉर्म १६ जूनच्या मध्यात हातात येतो. मी ३१ जुलैला बसलो ही माझी चूक होती, पण माझ्यासारखे कितीतरी जण त्याच रात्री बसतात आणि ‘मोफत’ लिहिणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. माझा राग तेवढ्यावर आहे आणि तो जाणार नाही.

दिंडोरी
सातपूरकर, एक विचारतो. माझीही बाग आहे, नोकरी अंबडला. खरड छाटणी, गोडी छाटणी, औषधं, मजुरी, हा खर्च कुठे दाखवायचा? की विक्रीची पूर्ण रक्कम टाकायची?

सातपूरकर
पूर्ण रक्कम टाकू नका. त्याच तक्त्यात आधी एकूण आवक, खाली खर्च, आणि मागच्या आठ वर्षांपर्यंतचा न वजावलेला शेती-तोटा असे रकाने आहेत. गारपिटीत बाग गेली ते वर्षसुद्धा रिटर्नमध्ये दाखवत चला, तो तोटा पुढे कामी येतो. निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं तर जमिनीची माहिती मागतात: जिल्हा, पिनकोड, किती एकर, स्वतःची की कसायला घेतलेली, बागायत की जिरायत. सातबारा, व्यापाऱ्याच्या पट्ट्या आणि औषधांची बिलं शेजारी घेऊन बसा. भरून झालं की ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने पडताळणी करा, नाहीतर पडताळणीच्या दिवशीच रिटर्न भरलं असं धरतात, आणि पडताळणी केलीच नाही तर केलेलं सगळं वाया. रविवारी मोकळा असतो, अडलं तर इथेच विचारा.