लाइव्ह चालू असताना ओबीएस अडकतं, मध्येच बंद पडतं. लॉगमध्ये नेमकं काय बघायचं आणि बग कुठे कळवायचा?

थळचा_कॅमेरा

नमस्कार मंडळी. अलिबाग तालुक्यातल्या टेनिस बॉल क्रिकेटच्या टुर्नामेंट मी यूट्यूबवर लाइव्ह करतो. दोन कॅमेरे, कॅप्चर कार्ड, गेमिंग लॅपटॉप, त्यावर ओबीएस स्टुडिओ (कॅमेऱ्यांचं पिक्चर जोडून लाइव्ह पाठवणारं सॉफ्टवेअर) आणि इंटरनेटला सिम घालायचा राउटर. स्कोअरची पट्टी ब्राउझर सोर्समधून, म्हणजे ओबीएसमध्ये लावलेल्या वेब पानातून येते, रिप्लेसाठी बाहेरचं एक प्लगइन (ओबीएसला जोडायचा जादा भाग) टाकलंय.

सध्या दोन त्रास आहेत. एक म्हणजे संध्याकाळनंतर पिक्चर अडकतं. दुपारच्या मॅचला काही नाही, पण लाइट लागले आणि गर्दी जमली की कॉमेंट सुरू, "दादा, बॉल दिसत नाय, डायरेक्ट विकेटच दिसली". दुसरा त्रास त्याहून वाईट. रिप्ले दाखवून परत मेन कॅमेऱ्यावर आलो की कधीकधी अख्खं ओबीएसच स्क्रीनवरून गायब होतं. ते परत चालू करून लाइव्ह जोडेपर्यंत ओव्हर संपलेली असते. मंडळाची पोरं वर्गणी काढून आम्हाला बोलावतात, मुंबईला आणि गल्फला असलेली घरची माणसं मॅच बघत असतात. त्यांना काय सांगायचं?

दोन्ही त्रास अपडेटनंतरच सुरू झाले, म्हणून ओबीएसच्या गिटहबवर, म्हणजे ते बनवणाऱ्यांच्या साइटवर, बग टाकायचा विचार आहे. तिथे लॉग (ओबीएस चालताना काय काय घडलं त्याची नोंद) मागतात. फाइल उघडली तर ओळीच ओळी. सुरुवात कुठून करायची?

सातारा_एडिट

ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाका आणि ओबीएस काढून पुन्हा इन्स्टॉल करा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

गोदाकाठ

थळकर, कृपा करून आत्ता ड्रायव्हर, रीइन्स्टॉल यातलं काहीही करू नका. एका दमात चार गोष्टी बदलल्या आणि त्रास थांबला, तरी कशामुळे थांबला ते कळणार नाही. पुढच्या टुर्नामेंटला तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय ओबीएस दर वेळी चालू झालं की नवी लॉग फाइल बनवतं आणि मूळ सेटिंगमध्ये शेवटच्या १० फाइलीच ठेवतं. घरी उगाच उघड-बंद करत बसलात तर त्या रात्रीची फाइल पुसली जाईल. म्हणून आधी हेल्प मेनूमधल्या लॉग फाइल्समध्ये जाऊन फोल्डर उघडा आणि आहेत त्या सगळ्या फाइली दुसरीकडे कॉपी करा. फाइलीच्या नावातच तारीख आणि वेळ असते, त्यामुळे कुठली मॅच कुठल्या फाइलीत ते लगेच सापडेल.

मी नाशिकला कीर्तनं आणि नाटकांचं लाइव्ह करते. इतरांचे लॉगही बरेच वाचून देते, कारण हा पुरावा हातात असताना माणसं अंदाजाने मशीन बदलतात, हजारो रुपये घालतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमचे दोन्ही त्रास वेगळे आहेत असंच धरून चला. एकाच अपडेटनंतर दिसले म्हणून त्यांचं कारण एकच असेल असं नाही. गिटहबवर दोन्ही एकाच रिपोर्टमध्ये कोंबलेत तर वाचणाऱ्याला कशाचाच माग लागणार नाही.

पहिला त्रास, पिक्चर अडकण्याचा. लॉग वरून वाचू नका, शेवटाकडून वाचा. स्ट्रीम नीट थांबवली की ओबीएस हिशेब लिहून ठेवतं. तिथे तीन प्रकारच्या ओळी शोधा. 'ड्रॉप्ड फ्रेम्स' आणि पुढे 'इनसफिशियंट बँडविड्थ' असेल तर लॅपटॉपने फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) तयार केली होती, पण इंटरनेटवरून ती पुढे गेली नाही. 'स्किप्ड फ्रेम्स' आणि 'एन्कोडिंग लॅग' असेल तर एन्कोडर, म्हणजे पिक्चर दाबून पाठवण्याजोगं करणारा भाग, मागे पडला. 'लॅग्ड फ्रेम्स' आणि 'रेंडरिंग लॅग' असेल तर ग्राफिक्स कार्डवर भार आला. बघणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतात, पिक्चर अडकलं एवढंच. पण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि पहिला प्रकार निघाला तर तो ओबीएसचा बग नाहीच.

मधल्या ओळीही बघा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला लॅपटॉपच्या घड्याळाची वेळ असते, तास-मिनिट-सेकंद आणि मिलिसेकंदसुद्धा. कॉमेंटच्या वेळेवर मात्र विसंबू नका. यूट्यूबवर पिक्चर काही सेकंद उशिरा पोचतं, त्यावर लिहिणाऱ्याचा वेळ आणखी. कॉमेंट ९:१४ ची असेल तर लॉगमध्ये ९:१३ पासून बघा. त्या सुमारास सॉकेट एरर १००५४ दिसली तर पलीकडून कनेक्शन तोडलं गेलंय. १०००० च्या घरातले हे आकडे विंडोजच्या नेटवर्कचे असतात, ओबीएसचे नव्हेत.

दुसरा त्रास, ओबीएस गायब होण्याचा. नीट बंद झालेल्या लॉगची शेवटची ओळ 'नंबर ऑफ मेमरी लीक्स' अशी असते. ती नसेल आणि फाइल अधेमधेच तुटली असेल तर क्रॅश झालाय. इथे बरेच जण चुकीची फाइल पाठवतात. क्रॅशनंतर तुम्ही ओबीएस परत चालू केलंत की 'करंट लॉग' म्हणजे नव्या सेशनचा लॉग, त्यात क्रॅशचं काहीच नसतं. तुम्हाला हवा 'प्रीव्हियस लॉग'. त्याशिवाय हेल्प मेनूमध्येच क्रॅश रिपोर्ट्स वेगळे आहेत, त्यातला त्या वेळेचा उघडा. वरच्या काही ओळींत 'अनहँडल्ड एक्सेप्शन' आणि 'फॉल्ट अ‍ॅड्रेस' असेल. फॉल्ट अ‍ॅड्रेसच्या पुढे कंसात कुठल्या फाइलीचं नाव आहे ते इथे लिहा. खाली एका थ्रेडपुढे (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) 'क्रॅश्ड' असा शेरा असेल, त्याच्या पहिल्या पाच-सहा ओळीही द्या.

थळचा_कॅमेरा

ताई, खूप आभार. फाइली आधी पेन ड्राइव्हवर घेतल्या, मग बसलो.

शनिवारच्या रात्रीचा हिशेब: बँडविड्थमुळे ड्रॉप्ड ३८९१२, टक्के १२.०. एन्कोडिंग लॅगचे फक्त ४१. त्याच दिवशी दुपारच्या फाइलीत ड्रॉप्ड अर्धा टक्कासुद्धा नाही. बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा) दोन्हीकडे ६०००. रात्रीच्या फाइलीत १०५४ पण आहे... माफ करा, १००५४, आणि त्याच्या खाली रीकनेक्टिंगची ओळ.

क्रॅश रिपोर्ट: एक्सेप्शन सी००००००५. फॉल्ट अ‍ॅड्रेसच्या कंसात रिप्ले प्लगइनची डीएलएल, म्हणजे त्याच्या कोडची फाइल. क्रॅश्ड थ्रेडमध्ये वरच्या तीन ओळी त्याच डीएलएलच्या, त्यानंतर ओबीएसच्या. आधीच्या रविवारचा क्रॅश रिपोर्टही सापडला, त्यातही तेच नाव.

म्हणजे ओबीएसचं काहीच नाही?

गोदाकाठ

रात्रीचं अडकणं हे नेटवर्कचं, यात आता शंका नको. लॅपटॉप तोच, सेटिंग तेच, दुपारी ठीक आणि गर्दी जमल्यावर १२ टक्के. मैदानावर आलेला प्रत्येक फोन त्याच टॉवरवर असतो, आणि त्यातले कितीतरी जण व्हिडिओ काढून तिथूनच पाठवत असतात. तुमच्या अपलोडच्या वाटेवर तेही आहेत. खात्री करायची तर पुढच्या मॅचला स्ट्रीमबरोबर लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही चालू ठेवा, एन्कोडर स्ट्रीमचाच ठेवून. नेटवर्कने टाकलेल्या फ्रेम रेकॉर्डिंगमध्ये शाबूत असतात. यूट्यूबवर बॉल गायब आणि रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ, म्हणजे प्रश्न मिटला. अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये गर्दी झाली की बिटरेट आपोआप खाली आणायची सोय आहे, ती चालू करा. बॉल थोडा धूसर दिसेल, पण दिसेल. बिटरेटही ६००० वरून खाली घ्या, शक्यतो पिक्चरचा आकारही ७२०पी वर उतरवून.

क्रॅशबद्दल मी एवढं ठामपणे बोलणार नाही. सी००००००५ म्हणजे प्रोग्रामने आपली नसलेली मेमरी वाचायला किंवा लिहायला घेतली. ते प्लगइनच्या आत घडलं, एवढं रिपोर्ट सांगतो. पण ओबीएसने प्लगइनला चुकीचा डेटा दिला असेल तरीही क्रॅश प्लगइनच्याच नावावर दिसेल. डीएलएलचं नाव दिसलं की तिथेच निकाल लावून टाकू नये, नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. म्हणून एक चाचणी करा. ओबीएस सेफ मोडमध्ये उघडा, त्यात बाहेरची प्लगइन बंद राहतात. रिप्लेच्या सीनवरून (सीन म्हणजे ओबीएसमधली स्क्रीनची एक मांडणी) कॅमेऱ्याच्या सीनवर भरपूर वेळा जा. मग नेहमीसारखं उघडून प्लगइनसह तेच करा. प्लगइन असताना पडतं आणि नसताना पडत नाही असं दिसलं, तर आधी प्लगइनच्या लेखकाकडे जा. ओबीएसचा बदल कारण असेल तर तो लेखक स्वतःच पुढे कळवेल, आणि त्याचं म्हणणं तिथे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर ऐकलं जातं.

बोरिवली_पश्चिम

एक भर घालतो. लॉग सगळ्यांसमोर टाकायच्या आधी एकदा डोळ्याखालून घाला. मीडिया सोर्स (व्हिडिओ किंवा ऑडिओ फाइल दाखवणारा) असेल तर फाइलीचा पूर्ण पत्ता लॉगमध्ये येतो, त्यात विंडोजच्या यूजर फोल्डरमुळे तुमचं नाव दिसतं. सोर्सला तुम्ही दिलेली नावंही येतात. आमच्या एका मित्राने सोर्सच्या नावातच प्रायोजकाचा मोबाइल नंबर लिहून ठेवला होता, तो जगजाहीर झाला. नाव-नंबर झाकायचे असतील तर तेवढेच शब्द बदला, ओळ मात्र उडवू नका.

गोदाकाठ

अगदी बरोबर. आणि ओळी गाळून "कामाचा भाग" पाठवायचा मोह आवरा. आपल्याला बिनकामाची वाटणारी वरची माहिती, म्हणजे विंडोजची आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड, कुठली कुठली प्लगइन लोड झाली, यातच कधीकधी घोडं पेंड खात असतं. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो तर नकोच. त्यात शोधता येत नाही.

थळकर, रिपोर्ट लिहिताना 'ओबीएस क्रॅश होतं, अर्जंट' असं शीर्षक देऊ नका. 'रिप्ले सीनवरून कॅमेरा सीनवर जाताना क्रॅश' असं लिहा. पुढे काय केलं ते क्रमाने: रिप्ले सुरू केला, संपायच्या आत हॉटकीने सीन बदलला, की संपल्यावर बदलला? हा फरक तुम्ही अजून सांगितलेला नाही आणि माझ्या मते तोच कळीचा आहे. मग काय व्हायला हवं होतं, काय झालं, प्लगइन आणि ओबीएसच्या आवृत्त्या, सेफ मोडमध्ये काय झालं. संपूर्ण लॉग आणि क्रॅश रिपोर्ट, दोन्ही त्याच सेशनचे. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, वाक्यं छोटी ठेवा.

थळचा_कॅमेरा

ताई, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला. घरी करून बघितलं. रिप्ले पूर्ण संपू दिला तर पडत नाही. चालू असताना मध्येच सीन बदलला की दर वेळी नाही, पण पडतं. सेफ मोडमध्ये साध्या मीडिया सोर्सने तेच केलं, एकदाही पडलं नाही.

प्लगइनच्या पानावर तुम्ही सांगितलंत तसं लिहिलं, दोन्ही क्रॅश रिपोर्ट आणि त्यांचे लॉग जोडले. लेखकाचं उत्तर आलं, जुन्या आवृत्तीवर पडत होतं का विचारलंय. आज रात्री जुनी आवृत्ती टाकून तेच करतो आणि तो लॉगही पाठवतो.

रविवारच्या फायनलला प्लगइन काढून ओबीएसचा स्वतःचा रिप्ले बफर (मागचे काही सेकंद साठवून ठेवायची सोय) लावणार आहे. या वेळी स्लो मोशन ठेवणार नाही, मंडळाला तसं आधीच सांगितलंय. बिटरेट ३५००, ७२०, आणि रेकॉर्डिंग पहिल्या बॉलपासून चालू.