साडेतीन महिन्यांच्या बाळाला ‘सेन्सरी व्हिडिओ’ दाखवावेत का?

करेलीबागकर

नमस्कार. बडोद्याहून लिहितेय. घरात दोन लहान मुलं आहेत: माझा मुलगा साडेतीन महिन्यांचा आणि मोठ्या जाऊबाईंची मुलगी चौदा महिन्यांची. सासू-सासरे सोबत असतात, त्यामुळे बाळाला घ्यायला कोणी ना कोणी असतंच.

मोठे दीर हल्ली संध्याकाळी टीव्हीवर बाळांसाठीचे व्हिडिओ लावतात. काळ्या पडद्यावर पांढरे गोल, चौकोन, मग डोळे असलेली नाचणारी फळं, मागे संथ पियानो. प्रत्येकावर वय लिहिलेलं असतं: ० ते ३ महिने, ३ ते ६, ६ ते १२. यामुळे मेंदूला चालना मिळते, नजर सुधारते, असंही लिहिलेलं असतं. माझा मुलगा कितीही रडत असला तरी व्हिडिओ लागला की गप्प होतो आणि टक लावून बघत राहतो. दीर म्हणतात, “बघ, किती एकाग्र होतो!” पुतण्याचं त्यांना फार कौतुक आहे, प्रेमानेच करतात. सासूबाईंना मात्र ते बघवत नाही. त्या टीव्ही बंद करून त्याला घोडियात (इथल्या गुजराती पाळण्यात) घालतात आणि दोरी हातात घेऊन बसतात.

कोणाची बाजू घेण्यापेक्षा मला खरं काय ते समजून घ्यायचंय. काळं-पांढरं तान्ह्या बाळांना चांगलं, हे मी दवाखान्यातल्या पुस्तिकेतही वाचलंय. मग ते पडद्यावर का नको? चौदा महिन्यांच्या मुलीला तरी काही दाखवलं तर ती शब्द शिकेल का? माझे आईबाबा नाशिकला असतात, रोज रात्री व्हिडिओ कॉल करतात, तोही यातच धरायचा का? सासऱ्यांच्या बातम्या दिवसभर चालू असतात, पण मुलं तिकडे बघतही नाहीत, त्यामुळे त्याने काही बिघडत नसावं असं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

रावपुरा_चष्मावाला

मी डोळे तपासण्याच्या व्यवसायात आहे, तेव्हा फक्त नजरेपुरतं लिहितो.

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचं सगळ्यात बरं दिसतं. म्हणजे वीतभर किंवा थोडं जास्त. आई दूध पाजत असताना तिचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढंच. फिकट रंगांमधला फरक त्याला कळत नाही, म्हणून ठळक काळं-पांढरं आवडतं. लाल रंगही लवकर ओळखू येतो. चार महिन्यांच्या आसपास रंग बऱ्यापैकी कळायला लागतात आणि पाचव्या महिन्याच्या सुमारास खोलीचा, जवळ-लांबचा अंदाज येऊ लागतो. तुमचा टीव्ही सहा-सात फुटांवर असेल, तर सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाला त्यात हलणारा उजेड दिसतो, बारीक नक्षी नाही. काळं-पांढरं दाखवायचंच तर जाड कागदावर काळ्या स्केचपेनने पट्टे काढा आणि वीतभर अंतरावर धरा. व्हिडिओने नजर ‘सुधारत’ नाही. निरोगी डोळ्यांना घरातला रोजचा उजेड आणि माणसांचे चेहरे पुरतात.

एक मात्र बघा. आता तो साडेतीन महिन्यांचा आहे, तर हळू हलवलेल्या खेळण्यामागे नजर जायला हवी. चार महिन्यांनंतरही डोळे तिरळे राहत असतील, किंवा फ्लॅशच्या फोटोत बुबुळात पांढरी चमक दिसत असेल, तर वाट न बघता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

बालवाडीच्या_ताई

अगं, तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण ‘टक लावून बघतो म्हणजे एकाग्र आहे’ हे वाक्य मी फार घरांत ऐकलंय आणि त्यातली गडबड कोणी समजावून सांगत नाही.

मी इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात, होम सायन्सला, बालविकास शिकले. आमची प्रात्यक्षिकं तिथल्या चेतन बालवाडीत व्हायची. मुलांकडे नुसतं बघायचं आणि दिसलं तेवढंच वहीत लिहायचं, अशी ती शिस्त होती. ‘मूल खूश आहे’ असं लिहिलं की बाई विचारायच्या, हे तुला कशावरून दिसलं? आयुष्यभर मुलांमध्ये काम केलं, पण तो प्रश्न सुटला नाही. म्हणून तुझ्या दिरांनाही तोच विचारते. बाळ एकाग्र आहे हे कशावरून दिसलं?

पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाची नजर ठळक, हलत्या गोष्टीला चिकटते आणि त्याला ती सोडवता येत नाही. मनात असूनही. नजर एका गोष्टीवरून उचलून दुसरीकडे न्यायची हे मेंदूचं काम आहे आणि ते चौथ्या महिन्याच्या सुमारास जमायला लागतं. त्याआधी बाळ पट्ट्यांकडे टक लावून बघतं, तेव्हा त्याला ते आवडलेलंही असू शकतं आणि ते तिथे अडकलेलंही असू शकतं. पडद्यावर दर दोन-तीन सेकंदांनी काहीतरी उडतं, बदलतं, आवाज होतो. अचानक हललेल्या वस्तूकडे वळायचं हे तर आपल्या सगळ्यांच्या अंगात आहे. म्हणजे बाळाची नजर परत परत ओढून घेतली जाते. रडणं थांबतं याचं कारणही बरंचसं तेच.

आता तुझ्या सासूबाईंकडे बघ. घोडियाची दोरी ओढता ओढता त्या काहीतरी गुणगुणत असतील. बाळाने मान फिरवली की त्या थांबतात. त्याने हुंकार दिला की “हो रे, हो रे” म्हणतात. जांभई दिली, बोटं फाकवली, उचकी लागली, तोंड वळवलं, ही बाळाची ‘आता पुरे’ म्हणायची पद्धत असते आणि मांडीवर घेणाऱ्या माणसाला ती कळते. पडद्याला कळत नाही. तो चालूच राहतो. माझा सगळा विरोध याच एका गोष्टीला आहे. उजेड, रंग, पियानो यांचं मला तेवढं वाटत नाही. बाळ काहीतरी म्हणतंय आणि समोरून उत्तर येत नाही, हे मला सोसत नाही.

काळ्या-पांढऱ्याबद्दल तू पुस्तिकेत वाचलंस ते खरंच आहे. रॉबर्ट फँट्झ नावाच्या संशोधकाने १९५८ पासून तान्ह्या बाळांना दोन-दोन चित्रं दाखवून, कुठलं जास्त वेळ बघतात ते मोजलं, तेव्हा कोऱ्या रंगापेक्षा नक्षी आणि चेहऱ्यासारखी आकृती बाळांना जास्त बघावीशी वाटते हे कळलं. पण त्यांनी पुठ्ठ्यावरची चित्रं दाखवली होती. त्यावरून ‘म्हणून टीव्ही दाखवा’ असं निघत नाही. आपल्याकडे पाळण्यावर चिमणाळं, म्हणजे टांगत्या चिमण्यांचं खेळणं, बांधतात, ते याच कामाचं आहे. संखेडा गावच्या लाखकामाचं घोडियुं असेल तर त्याच्या दांड्यावरची गडद तांबडी लाख आणि सोनेरी नक्षी बाळाला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त दिसते. ती जागची हलत नाही, त्यामुळे बघायचं की सोडायचं ते बाळ ठरवतं.

चौदा महिन्यांच्या मुलीचं उत्तर जास्त ठाम देता येतं, कारण या वयावर चांगलं काम झालंय. २००३ साली सिएटलला पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मंदारिन ही चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर बाई प्रत्यक्ष बसून खेळत, वाचून दाखवत. काहींना त्याच बायका, तेच शब्द, पण व्हिडिओवर. प्रत्यक्ष ऐकलेल्या बाळांना मंदारिनमधले बारीक उच्चारभेद कळायला लागले. व्हिडिओवाल्यांना काहीही नाही, जणू ऐकलंच नव्हतं. मग २०१० मध्ये जूडी डीलोश यांच्या गटाने बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांना शब्द शिकवणारी, बाजारात खूप खपलेली एक डीव्हीडी महिनाभर दाखवली. ती मुलं न बघणाऱ्या मुलांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत. जिथे आईवडिलांनी व्हिडिओशिवाय, रोजच्या कामात तेच शब्द सांगितले, ती मुलं पुढे गेली. आणि ज्या पालकांना डीव्हीडी आवडली होती, त्यांना मूल खूप शिकलंय असं वाटत होतं! हे तुझ्या दिरांना अगदी प्रेमाने वाचून दाखव.

तेव्हा जाऊबाईंच्या लेकीला नाचणारं केळं दाखवण्याऐवजी खंडेराव मार्केटमधून आणलेली केळी पिशवीतून काढू दे. तिने सोलावं, चिवडावं, हाताला चिकटावं, कोणीतरी ‘केळं’ म्हणावं. गोल म्हणजे काय ते वाटी फिरवून, गडगडवून कळतं. ते ज्ञान हातांतून आणि तोंडातून येतं, आणि पडद्याला हात लावला तर सगळी फळं सारखीच गुळगुळीत लागतात.

बातम्यांबद्दल मात्र माझं मत तुझ्यासारखं नाही. मुलं बघत नाहीत तरी फरक पडतो. २००८ च्या एका अभ्यासात एक ते तीन वर्षांची मुलं खेळत असताना मागे मोठ्यांचा कार्यक्रम लावला होता. मुलं त्याकडे मधूनच क्षणभर बघत, पण त्यांचं खेळणं तुटक झालं, एका खेळात रमण्याचा वेळ कमी झाला. दुसरं म्हणजे आपलं बोलणं. टीव्हीचा आवाज चालू असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० ने कमी होतात, असं २००९ मध्ये डिमिट्री क्रिस्टाकिस यांच्या गटाने नोंदवलं. सासऱ्यांना बातम्यांची वेळ ठरवून घ्यायला सांग. पेपर मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलंस तर नातीला त्याचा जास्त उपयोग होईल.

व्हिडिओ कॉल खुशाल चालू ठेव. तिथे समोरून उत्तर येतं, म्हणून तो वेगळा. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या सूचनांमध्ये दोन वर्षांपर्यंत पडदा नको असं सांगताना नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलला सूट दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये दोन वर्षांपर्यंत पडदा नको आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तेवढं चांगलं, असं सांगितलंय. फक्त कॉल चालू असताना बाळाला एकटं फोनसमोर ठेवू नकोस. मांडीवर घे. आजीने तिकडून “पाय कुठे, पाय कुठे” म्हटलं की इकडे तू पायाला हात लाव.

गोत्रीचा_बाबा

ताई, तुमचं सगळं पटलं, पण हे चार माणसांच्या घराला जमणारं आहे. आम्ही दोघंच. दोघांची नोकरी, मुलगी अडीच वर्षांची. संध्याकाळी सहा वाजता तिला पाळणाघरातून आणायचं, स्वयंपाक करायचा आणि तिला भरवायचं. मोबाइल लावल्याशिवाय वरण-भाताचा घास आत जात नाही. प्रत्येक वेळी ‘पडदा नको’ एवढंच सांगितलं की आमच्यासारख्यांना काहीच हाती लागत नाही. अडीच वर्षांच्या मुलीला काय आणि कसं दाखवायचं ते सांगा.

बालवाडीच्या_ताई

बरोबर विचारलंत. तुमच्या मुलीच्या वयाला तासाभराची मुभा आहेच, ती जिथे खरी गरज आहे तिथे वापरा. तुमची खरी गरज स्वयंपाकाच्या वेळेला आहे, तेव्हा तिथे अर्धा तास द्या आणि त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. गोष्ट संथ असावी, एका प्रसंगात थोडा वेळ थांबणारी. ओट्याजवळ बसवा म्हणजे “तो कुत्रा कुठे गेला गं?” असं पोळी लाटता लाटता विचारता येईल. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करून टाका. रडारड बहुतेक त्यावरूनच होते, कारण मुलाला शेवट दिसतच नाही.

या वयाचं एक चांगलं आहे. २०१४ च्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडून नवी क्रियापदं शिकली, पण रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून शिकली नाहीत. तेव्हा आजी-आजोबा कुठे गावी असतील तर स्वयंपाकाच्या वेळी त्यांना कॉलवर बसवा. त्यांनाही तीच वेळ मोकळी असते.

जेवताना मात्र मोबाइल नको, इथे मी हट्ट धरते. पडद्याकडे बघत गिळणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही आणि वरणाची चवही कळत नाही. एकदम सगळी जेवणं बदलू नका. सुट्टीच्या दिवशी सकाळचं एक जेवण घ्या. तिच्या हाताने, ताटलीत थोडंसं. सांडेल, अर्धंच खाईल, तर अर्धंच. ते जमलं की दुसरं. झोपायच्या आधीचा तास पूर्ण मोकळा ठेवा, झोप लवकर लागते.

करेलीबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दिरांना दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. ते शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, नजर अडकते हे माहीतच नव्हतं. आता संध्याकाळी त्याला खांद्यावर घेऊन गच्चीवर नेतात. सासऱ्यांशी अजून बोलणं व्हायचंय. ताई, माळ्यावर जाऊबाईंच्या लेकीचं चिमणाळं सापडलंय, कापडी चिमण्या आणि लाल गोंडे आहेत. किती उंचीवर बांधू?

बालवाडीच्या_ताई

छान! आधी प्रत्येक चिमणीची शिवण ओढून बघ, मणी किंवा टिकल्या असतील तर काढून टाक, आणि कापड धुऊन उन्हात वाळव. बाळाच्या तोंडावर न येता छातीच्या वर येईल असं बांध, अंतर साधारण हातभर, त्याचा हात पोचणार नाही इतकं. चिमण्यांची पोटं खाली त्याच्या बाजूला वळव. बऱ्याच चिमणाळ्यांमध्ये आपल्याला बाजूने सुंदर दिसतं आणि बाळाला नुसते दोरे दिसतात. दोरे लांब लोंबू देऊ नकोस.

तो हातांवर जोर देऊन छाती उचलायला लागला किंवा पाच महिन्यांचा झाला, जे आधी होईल तेव्हा, ते काढून टाक. पकडून ओढलं तर दोरा गळ्याशी येऊ शकतो. मग त्यातली एक चिमणी सोडवून, दोरा कापून, त्याच्या हातात दे.