जेवताना कुत्र्याला आपल्या ताटातलं देता का? अनुभव लिहा

काल मैत्रिणीकडे जेवायला गेले होते. तिच्या कुत्रीने टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली आणि आमचा शेरू आठवला. तो जाऊन बरीच वर्षं झाली आता. ताटांचा आवाज आला की घरात कुठेही झोपलेला असो, येऊन बाबांच्या उजव्या हाताला बसायचा. बाबा तसे कडक, बोलणं मोजकं, पण मीठमसाला न लागलेला भाताचा शेवटचा घास शेरूसाठी बाजूला काढलेला असायचाच. पुढे बाबा आजारी पडले, अन्न जाईना, तेव्हाही शेरूला द्यायचंय म्हणून उठून बसायचे आणि त्याच्यासोबत थोडं स्वतःही खायचे. आई म्हणायची, आम्ही कोणी नाही, शेरूने जेवू घातलं त्यांना.

मला मनापासून वाटतं की घरातल्या जेवणात कुत्र्याचाही वाटा असावा, फक्त काय द्यायचं ते बघून द्यावं. तुमच्याकडे कसं आहे? मोकळेपणाने लिहा.

निळी छत्री
बाबांचं वाचून डोळे भरले गं. आत्ता ऑफिसात आहे, रात्री सविस्तर लिहिते.

रात्रपाळी
आम्ही ताटातलं नाही देत. आमची बीगल आहे, खाण्यामागे वेडी जात, बीगलवाल्यांना वेगळं सांगायला नको. ट्रेनरने एक गोष्ट समजावली ती फार पटली, की कधी द्यायचं कधी नाही असं केलं की मागायची सवय उलट जास्त पक्की होते, कारण आज नाही तर उद्या मिळेल ही आशा सुटत नाही त्यांची. मग आम्ही तिची चटई ठरवली, आम्ही जेवतो तेव्हा ती चटईवर, शांत बसली की तिथे नेऊन उकडलेलं गाजर द्यायचं. टेबलापाशी कधीच काही नाही. आता ताटं मांडायला घेतली की आपणहून चटईवर जाऊन बसते. फक्त घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायला हवा, आमच्याकडे आजी गुपचूप द्यायच्या त्यांना समजवायला सगळ्यात जास्त वेळ लागला 😄

चिंगीची आई
@रात्रपाळी आजी लोकांना कोण समजावणार! आमच्याकडे सासरे. "ती माझ्याकडे बघते रे" एवढंच म्हणतात. आणि खरंच बघते हो, त्या डोळ्यांपुढे कोणाचं काय चालणार.

पानगळ
डोळ्यांवरून आठवलं, जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं होतं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे हार्मोन वाढतं, म्हणजे आई-बाळाच्या मायेत ज्याचा भाग असतो तेच. माणसाळलेल्या लांडग्यांमध्ये मात्र ते दिसलं नाही. तेव्हा चिंगीच्या आजोबांना माझा पाठिंबा. भाताचं पण तसंच. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांचा अभ्यास आला होता, पिष्टमय पदार्थ पचवायच्या जीनच्या प्रती कुत्र्यांमध्ये लांडग्यांपेक्षा बऱ्याच जास्त असतात. माणसांच्या वस्तीत राहून आपलं उरलंसुरलं खात खात त्यांचं पोट बदललं असं त्यातून दिसतं. किती जुनी सोबत आहे ही, मला तर वाचून भरून आलं होतं.

टाके आणि पट्ट्या
मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. प्रेमाने द्या, माझी ना नाही, पण हे वाचल्याशिवाय देऊ नका.
द्राक्षं आणि मनुका अजिबात नाही, किडनी जाऊ शकते, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही नको. कांदा लसूण कच्चा, शिजवलेला, पावडर, कुठलाच नको, त्याने लाल रक्तपेशी फुटतात आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात त्यामुळे लोकांना संबंधच लागत नाही. रस्सा, सूप, सॉस यात कांदा असतोच हे लोक विसरतात. चॉकलेट जितकं कडू तितकं वाईट, त्यातलं थिओब्रोमीन त्यांच्या अंगातून फार हळू बाहेर पडतं. शिजवलेली हाडं नाहीत, त्यांचे टोकदार तुकडे होऊन आत लागतात. आणि झायलिटॉल!! साखरेऐवजी गोडीला घालतात ते, शुगरफ्री च्युइंगगम आणि काही पीनट बटरमध्ये असतं, अर्ध्या तासातसुद्धा रक्तातली साखर धोकादायक खाली येऊ शकते. लेबल वाचा प्लीज.
असलं काही पोटात गेलं तर लक्षणांची वाट बघू नका, घरी मीठ बिठ पाजून उलटी काढू नका, लगेच डॉक्टरला फोन करा. पाकीट बरोबर आणा, किती खाल्लं आणि कधी ते सांगा, आम्हाला त्याचा खूप उपयोग होतो.

ब्रुनोचा दादा
ताई कांद्याचं अगदी खरं. पाहुण्यांमधल्या कोणीतरी ब्रुनोला ग्रेव्हीतलं चिकन भरपूर घातलेलं, कोणाच्या लक्षातच आलं नाही, मग तीन-चार दिवसांनी गप्प गप्प, हिरड्या पांढऱ्या, लघवी लालसर तपकिरी. सलाइन, रक्त चढवणं, सगळं झालं. वाचला. तेव्हापासून घरात पाहुणे आले की त्याच्या गळ्यात "मला खायला देऊ नका" असा रुमाल बांधतो, लहान मुलं तो मोठ्याने वाचून एकमेकांना सांगतात ते फार गोड वाटतं.

निळी छत्री
बापरे. आता कसा आहे ब्रुनो?

ब्रुनोचा दादा
मस्त! आत्ता सोफ्यावर उताणा पडलाय.

सायंतारा
आमच्या घरी कुत्रा नाही मांजर आहे तरी लिहिते, कारण शेजारचा लॅब्रॅडॉर जेवायच्या वेळी आमच्या दारात येतो. त्यांना विचारून मगच देते, त्याला मागे स्वादुपिंडाला सूज आली होती म्हणून तेलकट तुपकट पूर्ण बंद आहे. काकडीचा तुकडा देते, तो काकडीवरसुद्धा तेवढाच खूश. आणि आमची मांजर ते बघून रुसते, तिला काकडी नकोच असते पण त्याला का दिली म्हणून. मांजरवाले कोणी आहेत का इथे?

चिंगीची आई
आहोत 🙋 आमच्या बोक्याला दह्याचं झाकण चाटायला लागतं.

जुनी वाट
आमची कुत्री म्हातारी झालीय, किडनीचं डाएट चालू आहे, बाऊलमधलं तोंडसुद्धा लावत नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले अन्न तेच ठेवा पण हातावर घेऊन भरवून बघा, थोडं कोमट करून, वास चांगला येतो. तर आता मी माझं ताट घेऊन खाली जमिनीवर बसतो, एक घास मी खातो मग एक तिच्या डब्यातला तिला. माझ्या ताटातलं तिला काही देत नाही पण आपल्याबरोबर जेवतोय एवढं तिला पुरतं. खाते. हळू खाते, पण खाते. म्हणून मला वाटतं ताटातलं काय द्यावं याच्यापेक्षा सोबत बसणं जास्त महत्त्वाचं.

शेरूची ताई
@जुनी वाट तुमचं दोनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. म्हातारीला माझ्याकडून कुरवाळा.

रात्रपाळी
+१. चटईवाल्या आमच्या घरात पण खाली बसायला काही हरकत नाही.

नवीन पालक
नमस्कार, आमच्याकडे पिल्लू आलंय, सगळं वाचतोय. वरचं खाणं किती द्यायचं? सफरचंद चालतं का? आणि दूध?

टाके आणि पट्ट्या
अभिनंदन! वरचं सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या १०% च्या आत, बाकी त्याचं स्वतःचं संतुलित खाणं. पिल्लांचं हे प्रमाण जास्त सांभाळावं लागतं कारण हाडं वाढत असतात. सफरचंद चालेल, बिया आणि मधला भाग काढून, छोटे तुकडे. दुधाने बऱ्याच जणांना जुलाब होतात, नकोच. नवीन काहीही एका वेळी एकच द्या म्हणजे काय बाधलं ते कळतं.

नवीन पालक
थँक्यू ताई. नाव अजून ठरलं नाहीये, सुचवा कोणीतरी.

ब्रुनोचा दादा
रंग कुठला? फोटो टाका आधी!