मदत हवी आहे: सात महिने झाले, हातात ड्रिल सोडून काही देत नाहीत

धावता_करंट
नमस्कार मंडळी. एका कंत्राटदाराकडे सात महिने हेल्पर आहे. भिंतीला झिरी मारायची, पाईप टाकायचे, वायर ओढायची, संध्याकाळी मलबा उचलायचा. बोर्ड जोडायला हात लावू देत नाहीत. आता एका कारखान्यात मेन्टेनन्सला हेल्पर घेतायत. जाऊ की इथेच राहू? सोमवारी कळवायचंय. कोर्स कर, आधी शिक वगैरे नको, हो की नाही एवढंच सांगा. आणि मल्टिमीटर कुठला घेऊ?

ओहमकार
वय? शिक्षण? ट्रेडचा कोर्स झालाय की थेट साईटवर? कारखान्यात मोटारी आणि पॅनेल बघायला मिळणार की नुसत्या ट्यूब बदलायच्या? एवढं गाळून हो-नाही विचारलंत तर आम्ही चिठ्ठ्याच टाकायच्या.

जुनाट_वायरमन
सात महिन्यांत बोर्ड? मी दीड वर्ष नुसती वायर ओढली. आणि ते काम हलकं समजू नकोस. स्प्रिंग टाकून पुढचा ओढतो तेव्हा मागच्याने वायर सरळ करत, पीळ काढत सोडायची असते. पीळ राहिला की वायर बेंडला अडते, पुढचा जोर लावतो आणि आत पाईपच्या कडेवर इन्सुलेशन सोलतं. त्या दिवशी काहीच कळत नाही, दिवे लागतात, मालक खूश. भिंतीत ओल आली की मग सगळे डोकं धरून बसतात. मागे उभा राहून वायर सोडणारा चांगला असला की अर्धी साईट वाचते.

निवांत_नोड
काका, आदर आहे, पण दीड वर्ष वायर ओढून तुम्ही काय शिकलात ते कळलं, काय शिकायचं राहिलं ते नाही. धावता_करंट, कारखाना धरा. घरगुती कामात फेज, न्यूट्रल, अर्थिंग झालं की संपलं. तिकडे मोटारी चालवणारं आणि सांभाळणारं सगळं: कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, टायमर. मोठी मोटार कमी करंटवर उठवणारा स्टार-डेल्टा स्टार्टर एकदा स्वतः जोडलात की डोक्यात उजेड पडतो: सुरुवातीला मोटार स्टारमध्ये, लाईनचा करंट थेट सुरू केल्याच्या एक तृतीयांश, मग डेल्टा. अर्थात सुरुवातीचा टॉर्कही तेवढाच पडतो, म्हणून लोड घेऊन उठणाऱ्या मोटारीला ते चालत नाही.

जुनाट_वायरमन
संपलं म्हणे! जिन्याचा दिवा तीन मजल्यांवरून चालू-बंद करायची जोडणी कागदावर काढून दाखव, मग बोलू.

निवांत_नोड
टोकांना दोन टू-वे स्विच, मधे एक इंटरमिजिएट स्विच. झालं?

जुनाट_वायरमन
सांगितलंस. काढून दाखव म्हणालो होतो.

उगाच_एक
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमचं वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लावलं की दहा मिनिटांनी मेनजवळचा आरसीसीबी स्विच पडतो. थंडावर काही होत नाही. जास्त अँपिअरचा बसवू का?

ओहमकार
उगाच_एक, नवीन धागा काढा. आणि अँपिअर वाढवून काही होणार नाही. आरसीसीबी जास्त लोडने पडत नाही, गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की पडतो. घरातला ३० मिलीअँपिअरच्या फरकाला उडायला हवा, माणूस वाचतो तो त्यानेच. तुमच्या मशीनच्या हीटिंग एलिमेंटमधून करंट गळत असणार.

कॅपॅसिटर_काकू
मल्टिमीटरचं कोणीच सांगितलं नाही. फिक्स वायरिंगवर काम करणार असाल तर मीटरवर आणि लीडवर, दोन्हीवर कॅट थ्री (CAT III, सुरक्षेचा वर्ग) लिहिलेलं बघून घ्या. लीडचं टोक जेमतेम दोन-चार मिलिमीटर उघडं असावं. बाकी चोचले नंतर.

जुनाट_वायरमन
टेस्टर पुरतो. चाळीस वर्षं खिशात एकच टेस्टर आहे.

कॅपॅसिटर_काकू
तुम्हाला पुरला, नशीब तुमचं. न्यूट्रल मागे कुठे तुटला असेल आणि एखादा दिवा चालू राहिला असेल तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो. नवा मुलगा म्हणणार, दोन फेज आले! मीटर त्याच दोन भोकांत लावला तर जवळपास शून्य दाखवतो, दोन मिनिटांत उलगडा. आणि टेस्टर लागला नाही म्हणजे सप्लाय नाही असंही नाही. भर उन्हात टेस्टरचा निऑन दिवा दिसत नाही, लाकडी शिडीवर कोरड्या चपला घालून उभे असाल तर मिणमिणतो. आधी चालू सॉकेटवर मीटर तपासा, मग जिथे हात घालायचा तिथे, मग परत चालू सॉकेटवर. मधल्या वेळात मीटरच मेला तर तो शून्यच दाखवतो.

धावता_करंट
वय २३, बारावी. कोर्स एक वर्षाचा केलाय, पण तो परवान्याला धरत नाहीत म्हणतात. कारखान्यात कन्व्हेयर आहेत, म्हणजे मोटारी असणार. एक अडचण अशी की त्यांच्या फॉर्मवर डोळ्यांची तपासणी लिहिलीय, रंगांसकट. मला लाल-हिरवं कधीकधी सारखंच वाटतं, विशेषतः बॅटरीच्या उजेडात. मागे एकदा हिरवी वायर फेजला लागली होती माझ्याकडून, मेन टाकायच्या आधी मिस्त्रीने पकडली. तेव्हापासून बोर्ड देत नाहीत. बाकी सगळं ठीक.

ओहमकार
हे पहिल्या ओळीत लिहायचं सोडून मल्टिमीटर विचारताय?? त्या हिरव्या वायरचं दुसरं टोक धातूच्या बॉक्सला असतं. तिच्यावर फेज म्हणजे अख्खी बॉडी जिवंत.

निवांत_नोड
माझा सल्ला तूर्तास मागे. तीन फेजच्या पॅनेलला लाल-पिवळा-निळा क्रम चुकला तर मोटार उलटी फिरते, आणि कन्व्हेयर उलटा फिरला की मधे कोण उभं आहे ते तो बघत नाही.

कॅपॅसिटर_काकू
पोराला घाबरवू नका. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला देतात ती इशिहारा चाचणी, १९१७ पासून चालत आलीय, दहा मिनिटांचं काम. कुठला रंग किती गोंधळतो ते कळलं की पुढचं बोलता येईल. अर्थिंगच्या वायरवर हिरवा-पिवळा पट्टा असला की रंग नाही कळला तरी पट्टा दिसतो, साधी हिरवी हातात घेऊच नका. कंट्रोल पॅनेलमध्ये पुष्कळदा सगळ्या वायरी एकाच रंगाच्या असतात, ओळख टोकाला बसवलेल्या फेरूलच्या, म्हणजे छोट्या नळीच्या, नंबरवरून. तिथे तुमचं अडणार नाही. पण मेडिकलला खोटं बोलू नका, कामावर एक दिवस ते कोणाच्या तरी अंगाशी येईल.

निवांत_नोड
हे मान्य. तसंही रंगावर विसंबणं सगळ्यांनाच नडतं. ब्रिटनने २००४ ते २००६ दरम्यान रंग बदलले. आधी काळा न्यूट्रल होता, आता काळा हा एक फेज. निळा फेज होता, तो न्यूट्रल झाला. जुनं-नवं वायरिंग एकाच डीबीत (वाटपाच्या बोर्डात) आलं की डोळे शाबूत असलेलाही फसतो.

जुनाट_वायरमन
माझ्या हाताखाली एक असाच होता. ओढायच्या आधी प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना टेप लावून आकडा लिहायचा, जोडायच्या आधी कंटिन्युइटी घ्यायचा, म्हणजे हीच वायर त्या टोकाला पोचते ना ते मीटरवर बघायचा. आम्ही हसायचो. त्याची जोडणी परत उघडावी लागली नाही कधी. तू मिस्त्रीला नीट विचारलंस का, बोर्ड का देत नाही म्हणून?

धावता_करंट
विचारलं आज. म्हणाला, "त्या दिवशीच ओळखलं मी. तू सांगतोस का ते बघत होतो." उद्या डोळ्यांची तपासणी. कारखान्याकडे गुरुवारपर्यंत मुदत मागितलीय. मिस्त्री म्हणतो रिपोर्ट घेऊन ये, मग एक बोर्ड देतो, मेन बंद ठेवून, आकडे टाकून. मल्टिमीटरचा ब्रँड मात्र अजून कोणी सांगितला नाही.

उगाच_एक
नवीन धाग्यावर कोणी फिरकत नाही म्हणून इथेच. एलिमेंटच्या वायरी काढल्या, आता गरमवरही पडत नाही, फक्त पाणी थंडच राहतं. त्या सुट्या वायरी तशाच लोंबकळत ठेवल्या तर चालतील ना?

जुनाट_वायरमन
प्लग काढ. माणूस बोलाव.