जुनी पेट्रोल गाडी: ॲव्हरेज १५ वरून ११ वर आलंय, चेक इंजिनचा दिवा परत परत लागतोय. काय करू?

अबोली:
नमस्कार मंडळी. गाडी चौदा वर्षांची आहे, पेट्रोल, हाताचे गिअर, १,३८,००० किलोमीटर झालेली. बाबांनी घेतलेली गाडी, आता मी चालवते. विकायची अजिबात नाही, म्हणून नीट विचारून पुढे जावं म्हटलं.

गेले चार महिने ॲव्हरेज उतरत चाललंय. आधी लिटरला १५ मिळायचे, आता ११ च्या पुढे जात नाही. रोजचा रस्ता तोच, माणसंही तेवढीच. त्यातच दीड महिन्यापूर्वी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये दोनदा नेली. दोन्ही वेळा स्कॅनर लावून दिवा घालवून दिला आणि पाच-सहा दिवसांत तो परत लागला. आता ते म्हणतात ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलू, आणि सोबत इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टरही साफ करून घेऊ. कोड कुठला आला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एअर फिल्टर आणि प्लग मागच्या सर्व्हिसिंगला नवेच घातलेत. पिकअप बरा आहे, धूर नाही. सेन्सर बदलू का? आणि दिवा लागलेला असताना गाडी चालवली तर चालेल का?

वाटसरू:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पिवळा दिवा नुसता लागून राहिला असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर जपून चालवायला हरकत नाही. पण तोच दिवा लुकलुकायला लागला तर ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या. लुकलुकणं म्हणजे मिसफायर, इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळू शकतो. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर घर दोन मिनिटांवर असलं तरी इंजिन तिथेच बंद.

पाना_हातोडी:
ताई, सेन्सर बदलू नका. निदान आत्ता तरी नाही.

वीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, त्यावरून कळकळीने सांगतो. कोड म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरची तक्रार असते. काहीतरी चुकतंय एवढं तो सांगतो, कुठला पार्ट बदला ते सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो. तो 'मिश्रणात पेट्रोल कमी आहे' असं सांगत असेल, तर बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. हवा दुसरीकडून शिरत असते, नाहीतर पेट्रोलचा दाब कमी असतो. अशा वेळी सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे.

दुसरं, कोड वाचून लिहून ठेवल्याशिवाय कुणालाही दिवा घालवू देऊ नका. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, वेग किती होता, लोड किती होता, याची नोंद कोडसोबत साठवलेली असते. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही जाते, आणि शोधायचं काम पुन्हा पहिल्यापासून. बॅटरीची वायर काढली तरी बऱ्याच गाड्यांत हेच होतं.

ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मिळतो, तो घ्या. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, तिथे बसतो आणि मोबाइलवर दिसतं. मग इथे चार गोष्टी लिहा: कोड, अर्धा तास चालवल्यावर कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कंप्युटर सरासरी किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा), आणि पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्ट हलतात की एका जागी थांबतात.

इंधनवही:
ॲव्हरेज कसं काढताय? डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच. अशा तीन टाक्यांची सरासरी धरा. एका टाकीवरून काहीच ठरत नाही. आणि टायरची हवा चाकं थंड असताना बघा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असेल तेवढी.

अबोली:
सगळ्यांचे आभार. स्कॅनर आणला. कोड आलाय पी०१२८. लाँग टर्म ट्रिम +४ टक्के. पुढच्या सेन्सरचे व्होल्ट ०.१ ते ०.८ मध्ये सारखे खालीवर होतात. कूलंट पस्तीस मिनिटं चालवूनही ६२ ते ६५ अंशांवरच. डॅशबोर्डवरचा काटा मध्याच्या जरा खाली असतो, पण तो कित्येक दिवस तसाच आहे म्हणून लक्ष दिलं नव्हतं.

तीन टाक्या मोजल्या: ११.२, १०.९, ११.१. दोन टायरमध्ये हवा कमी होती, ती भरली.

पाना_हातोडी:
उत्तम काम केलंत. तुमचा ऑक्सिजन सेन्सर ठणठणीत आहे. असे भराभर खालीवर होणारे व्होल्ट म्हणजे तो जागा आहे. ट्रिमही दहाच्या आत आहे, म्हणजे मिश्रण जागेवर आहे आणि इंजेक्टर साफ करण्याचं काही कारण नाही.

पी०१२८ म्हणजे इंजिन जितकं गरम व्हायला हवं तितकं होत नाही. सहसा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं दार. कूलंट साधारण ८२ ते ९० अंशांवर गेलं की ते उघडायचं असतं. ते सताड उघडं राहिलं की थंड इंजिनाचं पाणीही रेडिएटरमधून फिरत राहतं. गरम होऊ पाहणाऱ्या इंजिनाला आपणच गार करत बसतो. कंप्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, कारण ते खरंच थंड असतं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडतो. ऑइलही घट्टच राहतं.

पण पार्ट आणण्याआधी दोन गोष्टी बघा. कूलंट कमी असलं तरी हाच कोड येऊ शकतो, म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतली पातळी बघा. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. आणि तापमानाचा सेन्सर खोटं बोलत नाही ना, हे सकाळी कळतं. रात्रभर उभी असलेली गाडी स्टार्ट न करता फक्त स्विच ऑन करा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे.

मग स्टार्ट करून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. फॅन कधीही फिरू शकतो, तेव्हा हात आणि बाह्या लांब ठेवा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर होज बराच वेळ गारच राहतो आणि मग एकदम तापतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर दार उघडंच आहे.

वाटसरू:
निदान पटतं. पण हिशेब जुळत नाही. १५ चे ११ म्हणजे पाव हिश्शाहून जास्त घट. एकट्या थर्मोस्टॅटने एवढं पडलेलं मी तरी पाहिलेलं नाही. दुसरंही काहीतरी पेट्रोल खातंय, आणि त्याचा कोड येणार नाही.

मला ब्रेकचा संशय आहे. ब्रेक घासत राहिला तर इंजिनाला तो नुसता चढ वाटतो. ते बिचारं जास्त जोर लावतं, दिवा लागत नाही. पंधरा-वीस मिनिटं चालवा, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून गाडी जवळपास स्वतःहून थांबू द्या. मग प्रत्येक चाकाच्या रिमजवळ तळहात धरा, टेकवू मात्र नका. डाव्या-उजव्यात फरक आहे का बघा.

अबोली:
सकाळी कूलंट आणि हवा दोन्ही २४ अंश. कूलंटची पातळी बरोबर. होज दुसऱ्या मिनिटालाच कोमट. म्हणजे थर्मोस्टॅटच.

आणि चाकं! उजव्या पुढच्या चाकाजवळ हात आरामात धरता आला. डाव्या पुढच्या चाकाजवळ धरवेना, धग चेहऱ्यापर्यंत येत होती आणि जळकट वास होता. रिमवर काळी भुकटी डावीकडे कितीतरी जास्त. रोज गाडी चालवते तरी दिसलं नव्हतं.

पाना_हातोडी:
मग ब्रेक आधी, थर्मोस्टॅट नंतर. तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो, तोवर गाडी बाहेर काढू नका. कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा चिमटा. तो ज्यांवर सरकतो त्या सरकपिना सुकल्या किंवा गंजल्या असतील. चाक काढल्यावर स्वतः उभ्या राहून बघा. आतला आणि बाहेरचा पॅड सारखा झिजलाय का, पिना हाताने सरकतात का. पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायचं, साधं ग्रीस रबर फुगवतं. पॅड ढकलणारा पिस्टनच अडकला असेल तर मात्र कॅलिपर उघडावा लागेल.

धुरकट:
वाचनखूण साठवली. माझ्या गाडीचा काटाही मध्याच्या खाली असतो, उद्याच बघतो.

अबोली:
तीन आठवड्यांनी सांगायला आलेय.

दुसऱ्या गॅरेजमधल्या दादांना जागेवर बोलावून गाडी दाखवली. खालची सरकपिन हाताने हललीच नाही, पाना लावून फिरवत काढावी लागली. बाहेर आली तेव्हा अर्धी तांबूस, ग्रीसचा मागमूस नाही. आतल्या पॅडचं मटेरियल नखाएवढं उरलेलं, बाहेरचा निम्मा शिल्लक. दोन्ही बाजूंचे पॅड आणि डावीकडच्या पिना नव्या घातल्या. एवढ्यावर एक टाकी मोजली: १३.४. मग थर्मोस्टॅट आणि कूलंट बदललं. आता तापमान ८८ वर जाऊन तिथेच राहतं. नंतरच्या दोन टाक्या १४.८ आणि १४.६.

दिवा मी घालवला नाही. चौथ्या दिवशी सकाळी स्टार्ट केली आणि तो आपला आपणच विझलेला होता.

वाटसरू, तुम्ही हिशेब मांडला नसता तर मी थर्मोस्टॅटवर थांबले असते आणि तोच ब्रेक घेऊन घाटात गेले असते. मनापासून आभार. मागच्या चाकांचे ब्रेक ड्रमचे आहेत. ते उघडून बघायला शनिवारी गाडी नेतेय, तिथे काय काय पाहू?

पाना_हातोडी:
ड्रमच्या आत ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर असतो, त्याची रबरं हलकेच उचलून आत ब्रेक ऑइलची ओल आहे का ते बघा. आणि हँडब्रेक सोडल्यावर त्याची केबल पूर्ण मागे येते का, तेही.